ग्लेनिस हॉल्डनच्या सामानाची यादी

विल्फ टॅपसेलला ग्लेनिस हॉल्डन फारशी माहीत नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. एकूण बारा दिवसांची ओळख, आणि त्यातलेही बरेचसे तास दोघांच्या मध्ये एखादं कपाट नाहीतर गादी असायची. तिला कोणतं गाणं आवडायचं, ती देवाला मानायची का, म्हातारपणी तिला काय करायचं होतं, यातलं काहीच त्याला सांगता आलं नसतं. चार वर्षांनी तिच्या मुलीचं, टॅम्सिनचं, फ्रान्सहून पत्र आलं. आई ऑगस्टमध्ये गेली, रक्ताचा आजार होता. 'त्या दिवसांत तुम्ही तिला पाहिलंत. ती तेव्हा कशी होती, मला सांगाल का?' म्हातारा तीन दिवस ते पत्र खिशात घालून हर्न बेच्या किनाऱ्यावर फिरला. सांगायचं तर काय सांगायचं? त्याने तिचं सामान बांधलं होतं, एवढंच.

पण सामान बांधणाऱ्याला माणूस थोडा मागच्या बाजूने कळतो. दर्शनी खोली सगळ्यांचीच सारखी. खण ओढून काढला की त्याच्या पाठीमागे जे पडलेलं असतं, ते त्या घरचं खरं.

विल्फने चाळीस वर्षं केंटमधली घरं खोक्यांत भरली होती. ब्रिटन युरोपातून बाहेर पडल्यापासून फ्रान्सला घर हलवायचं म्हणजे यादीचं काम फार वाढलं. प्रत्येक वस्तू, अगदी उशीचे अभ्रेसुद्धा, फ्रेंचमध्ये लिहायची. जुनी आहे, वापरलेली आहे, विकायची नाही, असं म्हणून खाली सही करायची. बंदरावर एखादं खोकं उघडलं आणि यादीत नसलेली इस्त्री निघाली, तर ट्रक तिथेच उभा. याशिवाय बांधणाऱ्यांची स्वतःची एक यादी असते. वस्तू कोणत्या अवस्थेत उचलली ते तिच्यात लिहायचं. बांधणारा मोठ्याने बोलतो, लिहितो, आणि घरची बाई मान डोलावते. उतरवताना 'हे तुम्हीच मोडलंत' असा वाद नको म्हणून.

पहिल्या दिवशी ग्लेनिस हिरव्या रंगाची जाडजूड फाइल काखेत धरून त्याच्या मागोमाग खोल्याखोल्यांतून हिंडली. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, पंचेचाळीस-शेहेचाळीसची बाई. शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांना वाढायची. आवाज त्यामुळे मोठा असायला हवा होता, पण घरात ती कुजबुजल्यासारखी बोलायची.

"जेवणाच्या खुर्च्या सहा," विल्फ म्हणाला. "दोन मोडून चिकटवलेल्या."

"टॅम्सिन मागे रेलून बसते ना."

"आरसा. तडा."

"खिळा निघाला त्याचा."

"मोठं कपाट. दाराची फळी आत गेलेली."

"जिन्यावरून आणताना आपटलं."

विल्फने कपाटाकडे पाहिलं. ते जिन्यावरून कधी आलंच नव्हतं. खोलीच्या दारापेक्षा ते रुंद होतं, कुणीतरी आतच जोडलेलं. फळीला पडलेला खळगा वाटोळा होता आणि विल्फच्या खांद्याच्या उंचीवर होता. ग्लेनिस त्याच्या खांद्याला लागत होती. त्याने 'पोचा' असं लिहिलं आणि पुढच्या वस्तूकडे वळला. असल्या वेळी काय बोलायचं असतं, हे त्याला कधीच सुचत नसे.

तेवढ्यात तिचा नवरा टेरी आला. टेरी हॉल्डन इमारतींना परांच्या बांधायचा. लोखंडी नळ्या उचलून उचलून त्याचे खांदे बैलासारखे झाले होते.

"काय लिहितोयस रे, म्हातारबा?"

"अवस्था, साहेब. नियम आहे."

टेरीने कागद ओढून घेतला आणि मोठ्याने वाचला. "मोडकी. तडा. पोचा. टवका. पुन्हा पोचा. म्हणजे माझ्या घरात धड काहीच नाही, असं म्हणायचंय तुला?"

"तसं नाही, साहेब..."

टेरीने विल्फचा पेन धरलेला हात आपल्या मुठीत घेतला. दिसायला हस्तांदोलनासारखंच. मग तो आवळत गेला. पेनचं प्लॅस्टिक फुटलं, शाई दोघांच्या बोटांवरून ओघळली.

"नवीन कागद घे," टेरी म्हणाला. "लिही. चांगली."

विल्फने दुसऱ्या पेनने लिहिलं. चांगली. चांगला. चांगलं. तेवीस वस्तू. ग्लेनिस खिडकीबाहेर पाहत उभी होती. संध्याकाळी ट्रकमध्ये त्याचा जोडीदार डेझ ओक्ली म्हणाला, "हाताला काय झालं?" विल्फ म्हणाला, "दारात सापडला." आणि मग त्याला वाटलं, अरे, हे तर आपण तिच्यासारखंच बोललो.

ग्लेनिसची ती हिरवी फाइल मात्र बघण्यासारखी होती. डेझ तर म्हणायचा, या बाईला सरकारात घ्या. जन्माचे दाखले, त्यांच्यावरचे शिक्के, टॅम्सिनच्या लसी, शाळेचं पत्र, मीटरचे आकडे, टपाल नव्या पत्त्यावर पाठवायचा अर्ज. गाडीचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांवर जाऊ नयेत म्हणून काचेवर चिकटवायच्या पट्ट्या. तिकडच्या दोन टोकांच्या प्लगचे अकरा अ‍ॅडॅप्टर, एका पिशवीत. फ्रेंच यादी तिने वाचनालयात शब्दकोश घेऊन स्वतः केली होती.

"हॉल्डनबाई, माझ्या सासूला घाला ना यादीत," डेझ म्हणाला. "जुनी, वापरलेली, विकायची नाही."

"चालू अवस्थेत आहे का?"

"बंदच होत नाही."

ग्लेनिस हसली. तिचं हसणं मात्र शाळेच्या स्वयंपाकघरातलं होतं, घर दणाणून सोडणारं. वरच्या मजल्यावर टेरीचे बूट वाजले आणि ते तिथल्या तिथे थांबलं.

पासपोर्टांचं तिने आधीच जमवून ठेवलं होतं. तिची आई आयर्लंडची. पहिल्या बाळंतपणाला माहेरी कॉर्कला गेली होती, म्हणून ग्लेनिस तिकडे जन्मली. त्या एका योगायोगावर तिला आणि टॅम्सिनला आयरिश पासपोर्ट मिळाले, आणि आयर्लंड अजून युरोपात असल्याने फ्रान्समध्ये राहायला दोघींना आडकाठी नव्हती. टेरी ब्रिटिश. त्याने तीन महिने नुसतं जाऊन राहायचं आणि तिथून पुढचे कागद करायचे, असं ठरलं होतं. टॅम्सिन त्याची नव्हे. तिचा बाप कॉलिन शिंपल्यांच्या होडीवर कामाला होता, आणि ती चार वर्षांची असताना बुडाला.

पाचव्या दिवशी विल्फ जेवणाच्या खोलीत ताटल्या कागदात गुंडाळत होता. स्वयंपाकघर आणि त्या खोलीमधल्या भिंतीत ताटं सरकवायची चौकोनी खिडकी होती. तिच्यातून त्याला नवरा-बायको दोघं दिसत होती. टेरी चहा पीत होता. ग्लेनिस फाइल उघडून, डाव्या हाताने खणात चिकटपट्टी शोधत होती.

"टेरी, तुझा पासपोर्ट जूनमध्ये दहा वर्षांचा झाला."

"मार्चपर्यंत आहे. छापलंय त्याच्यावर."

"वरचे नऊ महिने आपल्याकडच्यांनी जोडून दिलेत. जुन्यातले उरले होते ते. फ्रेंच ते धरत नाहीत. दिल्या तारखेपासून दहा वर्षं, संपलं. आता सप्टेंबर आहे. नवा काढायला तीन आठवडे लागतात, आपण तारीख थोडी पुढे..."

"मार्च म्हणजे मार्च. मला वाचता येतं."

"येतं रे. पण ते म्हणतात..."

टेरीने कप खाली ठेवला आणि गुडघ्याने खण आत ढकलला. तिचा हात आतच होता. मग त्याने खण शांतपणे बाहेर ओढला आणि पुन्हा ढकलला. "मार्च," तो म्हणाला. तिसऱ्यांदा ढकलला. "मार्च." ओली काटकी मोडावी तसा आवाज आला. ग्लेनिसच्या तोंडून ओरडणं निघालं नाही, नुसता श्वास आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

टेरीची नजर खिडकीतून विल्फवर पडली. "ताटली पडेल हं," तो म्हणाला.

विल्फने ताटली गुंडाळली. दुसरी घेतली, तीही गुंडाळली. त्या संध्याकाळी त्याने हे डेझलाही सांगितलं नाही. हात खणात असताना दोन पावलं चालून जायला किती वेळ लागला असता, याचा हिशेब मात्र तो पुढे चार वर्षं करत राहिला. चार सेकंद. फार तर पाच.

तिला इस्पितळात टेरीनेच नेलं, खण अडकतो म्हणून नर्सला त्यानेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती डाव्या हाताची दोन बोटं प्लॅस्टरमध्ये घालून उजव्या हाताने चहा घेऊन आली. टेरी कामावर गेला होता.

"साखर दोनच ना, मिस्टर टॅपसेल?"

"दोन. बाई, तुम्ही पोलिसांना..."

"दोनदा आले होते. शेजारच्या मिसेस पिल्चरनी बोलावले. दोन्ही वेळा मीच दार उघडलं आणि सांगितलं, टीव्ही मोठा होता. एकदा बहिणीकडे गेले होते, तर टेरी ट्रक घेऊन आला आणि मला घेऊन गेला. तेव्हा हे गेलं." तिने गळ्याखालच्या हाडाला हात लावला. "म्हणून तर त्याला फ्रान्स हवंय. नॅन्सी मावशीने मला ठेवलेलं घर रानात आहे, जवळचा शेजारी दीड मैलावर. नकाशा पाहून किती खूश झाला म्हणून सांगू."

"मग तुम्ही का जाता?"

"तिथलं घर माझ्या नावावर आहे." ती चहा ढवळत राहिली. "तो बंदरावर अडला तर आम्ही दोघी पलीकडे आणि तो इकडे. तीन आठवडे. तीन आठवड्यांत कुलपं बदलता येतात, तिथल्या पोलिसांत जाता येतं. त्याच्या आधी त्याला कळलं, तर मात्र..." ती दाराजवळच्या टॅम्सिनच्या शाळेच्या बुटांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मी काही लपवलेलं नाही, मिस्टर टॅपसेल. मी एकदा सांगितलंय. तुम्ही होतात तिथे. दुसऱ्यांदा सांगायला माझ्याकडे हात उरला नाही."

हे ऐकायला नको होतं, असं विल्फला वाटलं. आता ते त्याच्याही खिशात येऊन पडलं होतं.

"आणखी एक," ती म्हणाली. "गिअर डाव्या हाताने टाकायचा असतो. मला जमणार नाही. तुम्ही आमची गाडी चालवाल का? मी त्याला सांगितलंय, यादीवाला माणूस बरोबर असला तर बंदरावर सोपं जातं."

तो हो म्हणाला. नाही म्हणायलाही त्याला कधी जमलेलं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी टेरी अंगणात त्याच्याजवळ आला. हातात बिअरचा डबा होता.

"काय रे, म्हातारबा. तू दर आठवड्याला जातोस तिकडे. आमचे कागद ठीक आहेत ना सगळे?"

विल्फ खोक्यावर पट्टी चिकटवत होता. पट्टी वाकडी गेली. स्वयंपाकघराच्या खिडकीत ग्लेनिस बशी पुसत होती आणि तिचा हात थांबला होता.

"मी सामानाचं बघतो, साहेब," तो म्हणाला. "माणसांचं मला काही कळत नाही."

"कळत नाहीच तुला," टेरी म्हणाला, आणि जाता जाता त्याने विल्फच्या कानशिलात हलकेच एक दिली, लाडाने दिल्यासारखी. कान अर्धा तास वाजत राहिला.

निघायच्या दिवशी सकाळी आठालाच ट्रक लागला. दहापर्यंत वरचा मजला रिकामा झाला. मग यादीतली एकशे अठरावी वस्तू आली: पाइनचं पुस्तकांचं कपाट, हाताने केलेलं. डेझ आणि विल्फ ते बाहेर आणत होते. टेरी दारात आडवा आला.

"हे कुणी केलंय?"

"बाबांनी," टॅम्सिन म्हणाली. पंधरा वर्षांची, आईसारखीच ठेंगणी, हनुवटी पुढे काढून उभी.

"कच्चं लाकूड फ्रान्सला चालत नाही. कीड असते."

"घरचं फर्निचर चालतं, साहेब," विल्फ म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही. "यादीत आहे ते."

टेरीने एका धक्क्यात कपाट दोघांच्या हातांतून पाडलं. मग लोखंडी टोकाच्या बुटाने तो एकेक फळी मोडायला लागला, न रागावता, परांची उतरवावी तशी पद्धतशीर. पहिली फळी, दुसरी फळी. टॅम्सिनने पायरीवरचा बिडाचा तवा उचलला आणि त्याच्या पाठीत घातला. तो वळला, त्याने तिचे केस मुठीत धरले आणि तिला गुडघ्यांवर आणलं. तोंड मोडलेल्या लाकडाजवळ, खिळ्यांपासून चार बोटांवर.

"बोल, सॉरी."

ग्लेनिस धावत आली आणि एका हाताने त्याच्या दंडाला लोंबकळली. त्याने कोपर मागे मारलं. तिच्या भुवईतून रक्त आलं आणि डोळ्यात उतरलं.

"सॉरी," ग्लेनिसच म्हणाली. "तिच्या वतीने मी. सॉरी, टेरी. निघायचंय ना आपल्याला? बोट चुकेल."

डेझ ट्रकच्या फळीवर पहार घेऊन उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर विनोदाचा मागमूस नव्हता. विल्फ मधे उभा होता, आणि त्याच्या तोंडून जे निघालं त्याची त्याला अजून लाज वाटते. तो म्हणाला, "यादीत दुरुस्ती करावी लागेल."

टेरी हसला. त्याने केस सोडले. "ऐकलंत? कर बाबा, कर."

विल्फने तिन्ही प्रतींमध्ये एकशे अठरावर रेघ मारली. रेघेशेजारी घरच्या बाईची सही लागते. ग्लेनिसने उजव्या हाताने तीन सह्या केल्या. तिसऱ्या कागदावर रक्ताचा थेंब पडला, तो तिने बाहीने पुसला. "चालेल ना असं?" तिने विचारलं. "चालेल," तो म्हणाला.

डेझ ट्रक घेऊन पुढे गेला. त्याची रांग निराळी असते. टेरी आपली व्हॅन घेऊन गाडीच्या मागे राहिला. त्याचाच हट्ट होता तो. "मी मागेच राहीन. डोळ्यांसमोर असलात म्हणजे बरं." डोव्हरपर्यंतच्या रस्त्यात आरशात ती पांढरी व्हॅन हलली नाही. ग्लेनिसने भुवईवर भांडी पुसायचं फडकं दाबून धरलं होतं.

फ्रेंच पोलिस इकडेच, डोव्हरला, बोटीत चढायच्या आधी पासपोर्ट तपासतात. त्यांच्या खिडकीशी विल्फने तीन पासपोर्ट पुढे केले. आतल्या तरुण माणसाने दोन आयरिश पाहिले, ग्लेनिसच्या भुवईकडे पाहिलं, विल्फच्या पासपोर्टावर शिक्का मारला आणि आडवा दांडा वर केला. विल्फ वीस-तीस हात पुढे गेला आणि सगळे थांबतात तिथे थांबला.

"वळून बघू नकोस, टॅम्सिन," ग्लेनिस म्हणाली, आणि स्वतः आरशात बघत राहिली.

आरशात टेरीचा हात दिसत होता. व्हॅनच्या खिडकीतून बाहेर आलेला, पासपोर्टाच्या पानावर बोट आपटणारा. मार्च, मार्च. आतला माणूस नकारार्थी मान हलवत होता. दुसरा गणवेशातला आला, त्यानेही मान हलवली आणि मागे वळायची जागा दाखवली. मग व्हॅनचं दार उघडलं. टेरी दांड्याखालून वाकून धावत आला. त्याच्या हातात चाकाचे नट काढायचा पाना होता.

तो ग्लेनिसच्या बाजूला आला. काच बंद होती.

"गाडी वळव. सगळे घरी चला."

ग्लेनिस हलली नाही.

"तुला माहीत होतं. सटवे, तुला माहीत होतं!"

"मी सांगितलं होतं तुला," ती म्हणाली.

"कधी? कधी सांगितलंस?"

तिने डावा हात वर केला आणि प्लॅस्टरमधली दोन बोटं काचेला टेकवली.

क्षणभर तो त्या बोटांकडे पाहत राहिला. मग पाना काचेवर आला. काच एकदम सगळी आत पडली, तिच्या मांडीवर, केसांत, टॅम्सिनच्या पायांशी. त्याने दोन्ही हात आत घातले, तिचे केस धरले आणि तिला खिडकीतून बाहेर ओढायला लागला. पट्टा तिच्या गळ्याशी आवळला. टॅम्सिन मागून आईच्या कमरेला धरून किंचाळत होती. गणवेशातली माणसं धावत होती, पण ती अजून लांब होती. चार सेकंद. फार तर पाच.

आपण दार कधी उघडलं, गाडीला वळसा कधी घातला, हे विल्फला आठवत नाही. तो मारामारी करणारा माणूस नव्हता. ठोसा कसा मारतात हेही त्याला ठाऊक नव्हतं. त्याला एकच गोष्ट येत होती: जड वस्तू कशी धरायची. गुडघे वाकवायचे, छाती टेकवायची, हात खालून घालून बोटांत बोटं अडकवायची, आणि पाय जमिनीत रोवायचे. त्याने टेरीला मागून कपाटासारखं धरलं आणि उचललं.

टेरीचे पाय सुटले. त्याने डोकं मागे आपटलं. विल्फच्या तोंडात दोन दात हलले आणि तिसऱ्या आपटीला पडले. पाना मागे फिरला आणि त्याच्या बरगड्यांवर बसला, पुन्हा बसला. काहीतरी आत मोडलं. विल्फने बोटं सोडली नाहीत. जिन्याच्या मध्यावर कपाट सोडलं तर खालचा माणूस मरतो, हे चाळीस वर्षं त्याच्या अंगात होतं. चार माणसांनी टेरीला खाली घातलं, तेव्हा त्यातल्या एकाला विल्फची बोटं एकेक करून उघडावी लागली.

या वेळी दार उघडून 'टीव्ही मोठा होता' म्हणायला कुणी नव्हतं. सहा गणवेशवाल्यांनी पाहिलं होतं, खांबावरच्या कॅमेऱ्यानेही. ग्लेनिसने बंदराच्या पोलिसांच्या खोलीत बसून तीन तास सगळं सांगितलं. गळ्याखालचं हाड, कपाट, खण. विल्फलाही विचारलं. खणाचं सांगताना तो थांबला, पण त्याने ते सांगितलं, आपण ताटल्या गुंडाळत होतो हेही सांगितलं. टेरीला पुढे अडीच वर्षांची शिक्षा झाली आणि तिच्या आसपास फिरकायचं नाही असा हुकूम.

ते सगळं नंतरचं. त्या दिवशी खिडकीला खोक्याचा पुठ्ठा लावून ते शेवटून दुसऱ्या बोटीने गेले. डॉक्टरने बरगड्यांना पट्टा बांधला होता. घरी जा म्हणाला होता. पण यादीवर बांधणाऱ्याची सही विल्फची होती, उतरवायलाही तोच हवा, असं त्याचं म्हणणं. ते खोटं नव्हतं, आणि अगदी खरंही नव्हतं.

मायेन भागातलं नॅन्सी मावशीचं घर दगडी, बुटकं, समोर सफरचंदांची झाडं. दुसऱ्या दिवशी डेझने जवळजवळ एकट्याने ट्रक रिकामा केला. "तुझ्या बरगड्या यादीत घालू का?" तो म्हणाला. "तडा." विल्फ दाराशी खुर्चीवर बसून आकडे वाचत होता, दात नसल्यामुळे फुसफुसत. टॅम्सिन यादीवर खुणा करत होती. मोठं कपाट सुटं करून आणलं होतं, ते तिथल्या खोलीत पुन्हा जोडलं.

"मोठं कपाट," विल्फ म्हणाला. "चांगलं."

"नाही," ग्लेनिस म्हणाली. तिने त्याच्याकडून पेन घेतला, तो शब्द खोडला, आणि शेजारी लिहिलं: दार फुटलेलं, माझ्या डोक्याने. शेजारी सही केली. तेवीस ओळी होत्या. तिने एकेक वाचली आणि एकेक दुरुस्त केली. कुठे डोकं होतं, कुठे पाठ, एका खुर्चीशी टॅम्सिनचं नाव. तिचं लिहून होईपर्यंत डेझ अंगणात जाऊन सिगारेट ओढत राहिला.

विजेची किटली पहिल्या खोक्यातून निघाली, कारण ती शेवटी भरायची असते. अ‍ॅडॅप्टर मात्र अकराच्या अकरा टेरीच्या व्हॅनमध्ये राहिले होते. ग्लेनिस ते कळल्यावर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि मग हसत सुटली, ते शाळेतलं हसणं. ते कुणाच्या बुटांच्या आवाजाने थांबलं नाही. तिने मावशीच्या गॅसवर पातेल्यात पाणी उकळलं. विल्फने चहा बशीत ओतून, थंड करून, तोंडाच्या शाबूत बाजूने प्यायला.

मग निघायची वेळ झाली. त्याला वाटलं काहीतरी बोलावं. खणाचं, ताटल्यांचं. तो दाराशी टोपी फिरवत उभा राहिला. तीही काहीतरी बोलेल असं दिसत होतं. मग डेझने ट्रक चालू केला आणि ते राहूनच गेलं. चार वर्षांनी टॅम्सिनला त्याने पत्रात हे सगळं लिहिलं, वेड्यावाकड्या अक्षरात, सात पानं, आणि शेवटी लिहिलं की तुझी आई आणि मी शेवटचं बोललो ते एवढंच होतं, त्यात काही विशेष नाही.

तो ट्रकमध्ये चढत होता. ग्लेनिस प्लॅस्टरचा हात उन्हाआड डोळ्यांवर धरून फाटकाशी उभी होती.

"मिस्टर टॅपसेल, इकडे उजव्या बाजूने जायचं हं."

"डेझ चालवतोय."

"मग डेझला सांगा."